न झिजणारी पाटी

पातेकाका कोणाच्याही घरी गेले की बाहेरच्या खोलीत बसत नसत. चपला काढायच्या, "आहे का कोणी?" म्हणायचं आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावरची सुरी उचलायची. तिची धार अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायची. नखावरून घसरली की सुरी रुमालात गुंडाळून पिशवीत जायची. "अहो काका, मग आज भाजी कशाने चिरू?" असं घरातली बाई ओरडेपर्यंत ते जिन्यात पोचलेले असत. "आज पिठलं करा," तिथूनच उत्तर यायचं. दुसऱ्या दिवशी सुरी परत यायची आणि त्या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाचं एकेक बोट कापायचं.

गाझियाबादला आमच्या सोसायटीत मराठी घरं मोजकीच होती, त्यांतलं एक काका-काकूंचं. काका एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फोरमन होते. नवी धोरणं आली, नवी यंत्रं आली, आणि कारखान्याने जुन्या माणसांना वेळेआधीच निरोप दिला. काकांनी सोसायटीमागच्या गल्लीत पत्र्याची शेड भाड्याने घेतली आणि स्वतः बांधलेल्या बेल्ट ग्राइंडरवर सुऱ्यांची पाती घासायला सुरुवात केली. नाव तिथूनच पडलं. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समधून मराठी बायका बस बदलून त्यांच्याकडे सुऱ्या न्यायला यायच्या. बाजारातली सुरी म्हणजे काकांच्या मते "धार लावलेला चमचा".

शर्टाच्या खिशात पेन असावं तशी त्यांच्या खिशात स्टीलची छोटी पट्टी असे. कुठलीही सपाट वस्तू दिसली की त्यावर पट्टी उभी टेकवायची, वाकायचं आणि खालून उजेड येतो का ते बघायचं. त्या काळात जो तो दिल्लीच्या कडेने उठणाऱ्या नव्या वस्त्यांत फ्लॅट बघत हिंडत होता. आम्हीही हिंडलो, काकांना बरोबर घेऊन. बिल्डरचा माणूस ग्रॅनाइटच्या ओट्याचं कौतुक सांगत होता आणि काका ओट्याला डोळा लावून उभे.

"उजेड दिसतोय," ते मला म्हणाले.

"अंकल, मकान लेना है या स्केल बेचना है?" तो माणूस वैतागला.

"बेटा, इस कमरे में सीधी चीज़ यही एक है," काका म्हणाले. फ्लॅट आम्ही घेतला नाही.

हे सगळं मजेचं होतं, पण साठीनंतर काकांचा उजवा हात थरथरायला लागला. चहाची बशी वाजायची. मुलगा अभय पुण्याला नोकरीत होता. तो सुट्टीत आला, त्याने बशीचा आवाज ऐकला आणि जेवतानाच विषय काढला. "बाबा, आता पुरे. फिरत्या पट्ट्यापुढे हे असले हात घेऊन उभं राहायचं नाही. शेड सोडा आणि पुण्याला चला."

"ज्या दिवशी माझ्या हाताने पातं बिघडेल त्या दिवशी सोडीन," काका म्हणाले. "त्याच्या आधी नाही."

काकूंना खरं तर पुण्याला जायचंच होतं. मला त्या म्हणाल्या, "मला बहिणी आहेत तिथे, मंडई आहे. पण रुसून बसलेला नवरा घेऊन नाही जायचं बाई मला. तो मला रोज ओट्यावर पट्टी लावून दाखवेल."

पाती बिघडायला त्यानंतर लवकरच सुरुवात झाली. ज्या बाजू सपाट उतरायला हव्यात त्या मध्ये किंचित फुगीर निघत होत्या. काकांनी चटकन दोष यंत्राला दिला, आणि तो खोटाही नव्हता. या यंत्रात पॉलिश-पेपरचा लांब पट्टा चाकांवरून वेगाने फिरतो, आणि त्याच्या पाठीमागे एक सपाट पाटी असते. पातं पट्ट्यावर दाबायचं, म्हणजे आधार त्या पाटीचा. पट्टा फिरून फिरून पाटी मध्येच झिजते, तिला खळगा पडतो, आणि खळग्यावर घासलेलं पातं फुगीर निघतं. काकांची पाटी साध्या लोखंडाची होती. तिला खळगा पडलेला मीही पाहिला.

पण हात कापत होता हेही मी पाहत होते. मी तेव्हा औद्योगिक भट्ट्या बनवणाऱ्या एका कंपनीत खरेदी विभागात होते. बिघडलेल्या मालाला पुरवठादार किती कारणं देतात ते मला रोज ऐकायला मिळायचं. मी काकांना सरळ म्हटलं, "पाटी झिजतेय तोवर तुम्हाला कळणारच नाही, दोष तिचा की हाताचा."

त्यांना राग येईल असं वाटलं होतं. ते पट्टी पुसत म्हणाले, "म्हणूनच न झिजणारी पाटी पाहिजे. मग तिच्यावर ढकलता येणार नाही."

मग शोध सुरू झाला. आधी ट्रकच्या स्प्रिंगचा तुकडा सपाट करून, तापवून, तेलात बुडवून कडक केला. तो लोखंडापेक्षा खूप टिकला, पण झिजलाच. मग काकांची नजर स्वयंपाकघरात सिंकखाली पडलेल्या काळ्या दगडाच्या पाट्याकडे गेली. तो काकूंच्या सासूबाईंचा, साताऱ्याहून ट्रकमधून आलेला. मिक्सर आल्यापासून त्याला काम नव्हतं.

"काळा दगड. हा कापून घेतला तर जन्मात झिजणार नाही," काका म्हणाले.

काकूंनी पदर खोचला, पाटा दोन्ही हातांनी ओढून बाहेर काढला आणि म्हणाल्या, "लावा पट्टी." काकांनी लावली. मध्ये बोट जाईल एवढा खळगा होता. "तुमच्या आईने चटण्या वाटून पाडलाय हा. हाताने वाटून! आणि तुमची मोटर काय त्याला गोंजारणार आहे?"

काकांनी पट्टी खिशात टाकली. दगडाचा विषय संपला.

काच मी सुचवली. आमच्या भट्ट्यांना आत डोकावायला छोटी खिडकी असते, तिची काच आगीपुढे वर्षानुवर्षं तडकत नाही, आणि वाळूकणांनाही दाद देत नाही. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पापडाची पाटी बसवायला सांगितली होती. तरी दुसऱ्याच दिवशी शेडच्या खिडकीची साधी काच कापून बसवून पाहिली. पट्टा तापला आणि ती ताडकन फुटली. "तुझी काच!" ते विजयाने म्हणाले. "माझी नाही, तुमच्या खिडकीची," मी म्हटलं, आणि आमच्या पुरवठादाराकडून खऱ्या काचेचा तुकडा मागवून दिला. तो स्प्रिंगच्या कडक पाटीवर चिकटवला, तर गरम होऊन गोंद सैल पडला आणि काच खाली सरकली. मग काकांनी खाली बोटभर लोखंडी टेकू दिला. त्यावर काच जी बसली ती बसली.

पहिलं पातं घासलं तेव्हा काकू आणि मी दारात उभ्या होतो. काकांनी दोन्ही कोपरं बरगड्यांना घट्ट लावली, श्वास रोखला आणि हातांऐवजी कमरेतून हलले. पातं पाण्यात बुडवलं, पुसलं आणि उजेडाकडे धरलं. सपाट होतं. "झालं का समाधान?" काकू म्हणाल्या.

अभयला तसं कळवलं. पुण्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. काका पुढे बराच काळ काम करत राहिले, आणि माझ्या मते त्यांची सर्वांत चांगली पाती त्याच काळातली. आजही माझ्या कामात माल बिघडला की मी कोणाला झापण्याआधी एवढंच बघते, की कारण सांगायला जागा कुठे उरली आहे. ती जागा आधी बंद करायची. हे मी कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकले नाही.

एका रविवारी सकाळी मी भाजी घेऊन येताना शेडचं दार उघडं दिसलं, पण यंत्राचा आवाज नव्हता. काका स्टुलावर बसले होते. समोर फडक्यावर तीन पाती होती आणि त्यांच्या शेजारी यंत्रावरून उतरवलेली काच. पाती टोकाकडे गोल झालेली मला लांबूनही दिसली. काकांनी काच उचलली, पट्टी लावून दोन्ही बाजूंनी माझ्यासमोर तपासली आणि परत खाली ठेवली.

"काच चांगली आहे," ते म्हणाले.

मी भाजीची पिशवी खाली ठेवली. त्यांनी मोटरची वायर काढली, नीट गुंडाळली, हात धुतले. मग विचारलं, "अभयला फोन लावायचाय. बूथपर्यंत येतेस? नंबर फिरवताना माझं बोट चुकतं."

एसटीडी बूथमध्ये नंबर मी फिरवला आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. "आम्ही येतो," ते म्हणाले. पलीकडून अभय बराच वेळ बोलला. काकांनी ऐकून घेतलं. "नाही रे, तू म्हणालास म्हणून नाही. मी तपासून पाहिलं."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काकूंना काय सांगणार?"

"सामान बांधायला घे म्हणून. बाकी ती विचारेल."

काकूंना प्रत्येक गोष्टीचं कारण विचारायची सवय होती. त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. माळ्यावरची ट्रंक काढायला शेजारचं स्टूल तेवढं मागून आणलं.