देवाची पावती

मुंबईची नोकरी सोडून मी गावी आलो आणि आमच्या मच्छीमार सोसायटीत डिझेलच्या पावत्यांसाठी कॉम्प्युटर बसवले. प्रोग्रॅम मीच लिहिलेला. पावतीशिवाय डिझेल नाही, डिझेलशिवाय होडी समुद्रात नाही. नारळी पौर्णिमा झाली, हंगामाचा पहिला दिवस उजाडला आणि सगळ्या खिडक्यांवर पावत्या अडकल्या त्या अडकल्याच. बाहेर पार देवबागपासून आलेले खलाशी आरडाओरडा करत होते. अध्यक्ष आत येऊन म्हणाले, "दुपारपर्यंत चालू झाला नाय तर हे डबे उचल आणि मुंबैक जा." मला परत जायचं नव्हतं हो!

प्रोग्रॅम काय काय करतो त्याची नोंद ठेवणारा लॉग उघडला. एका पावतीची क्वेरी, म्हणजे नोंदीची मागणी, अडून बसलेली आणि बाकीच्या तिच्यामागे खोळंबलेल्या. पण ती कोणाच्या पावतीची? बोटीच्या नावाच्या जागी प्रत्येक ओळीत नुसतं प्रश्नचिन्ह! स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या, खरी नावंही लॉगमध्ये उतरतील अशी सोय केली आणि सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. पहिल्याच पावतीला पुन्हा अडलं. पण आता अडवणाऱ्या ओळीत नाव होतं: ग्रामदेवता. डिझेल शून्य.

"ही कुठली बोट?" मी ओरडलोच.

पहिल्या खिडकीवरचे कारकून काका शांतपणे म्हणाले, "देवाची पावती ती. हंगामाची पयली देवाची. पयली होडी सुखरूप परत येयसर ती पुरी करूची नाय, उघडीच ठेवची. वहीत आमी असाच करू."

"अहो काका, ती पुरी झाल्याशिवाय पुढच्या पावतीक नंबरच गावणा नाय! होडी जातली कशी नि परत येतली कशी?"

काका कपाळावर हात मारून असे हसले, की मलाही हसू फुटलं. पण पावती पुरी करायला त्यांचा हात धजेना. शेवटी अध्यक्षांनीच हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या मशीनीत तुजी पावती पुरी करतंव, वहीत उघडी ठेवतंव. पोरांका सांभाळून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" खिडकीबाहेरून खलाशी गरजले.

काकांनी बटण दाबलं आणि पावत्या धडाधड निघू लागल्या. हुश्श!

संध्याकाळी पहिली होडी किनाऱ्याला लागल्यावर मी घरी निघालो, तर अध्यक्ष मागून ओरडले, "उद्या येळार ये रे! दुसऱ्या खिडकीवरचो प्रिंटर कागद खाता."

जीव भांड्यात पडला.