काकूंनी धुतलेली चेन

तीस वर्षं सायकली दुरुस्त करणाऱ्या माणसाला स्वतःच्या बायकोचा हेवा वाटावा, ही काही चारचौघांत सांगायची गोष्ट नाही. मिस्त्रींनी ती सांगितलीही नाही. पण एखादं गिऱ्हाईक पायरीला सायकल टेकवून "काकू आहेत का?" म्हणालं, की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

झालं होतं असं. लेक नोकरीसाठी परगावी गेली, घर खायला उठलं, तशा काकू दुपारच्या दुकानात येऊन बसू लागल्या. नुसतं बसून काय करायचं, म्हणून मिस्त्रींनीच त्यांना चेन धुवायला दिल्या. ते काम त्यांच्या स्वतःच्या जिवावर यायचं. चेन न उतरवताच वरवर फडकं मारायचं, चार थेंब तेल सोडायचं आणि "चला, पळवा" म्हणायचं, अशी त्यांची रीत. काकूंनी मात्र पिन सरकवून चेन उतरवायला शिकून घेतलं. पिन पार बाहेर पडू द्यायची नाही, कडीच्या पट्टीत अडकलेली ठेवायची, हे त्यांना पहिल्याच दिवशी जमलं. मिस्त्रींना त्याला महिना लागला होता, आणि ते त्यांना नेमकं आठवत होतं.

उतरवलेली चेन रॉकेलच्या डब्यात भिजायची. मग ब्रश, मग कोरडं फडकं, मग कडीकडीला एकेक थेंब तेल. परत चढवायचं काम तेवढं मिस्त्रींचं. चढवतो मी आणि नाव हिचं!

शाळेच्या बाईंनी तर कहरच केला. "मिस्त्री, तुम्ही नका हं हात लावू, काकूंनाच द्या," असं तोंडावर म्हणाल्या. मिस्त्री हसले. त्या दिवशी घरी जेवताना भाजी खारट झाली म्हणून भांडले. भाजी अजिबात खारट नव्हती.

काकू उतरवलेल्या प्रत्येक चेनला एका कडीत लाल धागा बांधायच्या आणि मिस्त्रींना चढवायला देताना सांगायच्या, "धागा बाहेरच्या अंगाला ठेवा." जुनी चेन ज्या अंगाने घासत आली, त्याच अंगाने परत बसली तर मुकाट चालते, उलटी बसली की करकरते. मिस्त्री इतकी वर्षं कशीही बसवत आले होते. आता त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे हिची सगळी हुशारी त्या वीतभर धाग्यात! मग त्यांना राहवेना. बाईंची चेन डब्यात भिजत होती आणि काकू पाणी प्यायला आत गेल्या होत्या, तेवढ्यात मिस्त्रींनी रॉकेलात बोटं घालून धागा सोडवला आणि खिशात कोंबला. येऊ दे आता नाक मुठीत धरून!

आणि काकू आल्या की. तोवर बाईही येऊन स्टुलावर वाट बघत बसल्या होत्या. त्यांच्यादेखत काकूंनी चेन पुसली, तेल दिलं, इकडून तिकडून पाहिली.

"अहो, धागा कुठे गेला कोण जाणे. बाहेरचं अंग कुठलं, तुम्हीच सांगा आता."

याच क्षणासाठी तर मिस्त्री चार महिने जळत होते. त्यांनी ऐटीत चष्मा चढवला, चेन हातात घेतली, अंगठा फिरवला. दोन्ही अंगं सारखीच. दारात उजेडाला गेले. तरी सारखीच. ठोकून द्यावं काहीतरी, असं मनात आलं. पण चुकलं तर सायकल बाईंच्या फाटकापर्यंत करकरत जाणार होती.

"मला नाही कळत," ते म्हणाले. बाईंनी नजर स्वतःच्या पायांकडे वळवली.

काकूंनी चेन घेतली, एकदाच बोट फिरवलं आणि त्यांच्या हातात परत ठेवली. "हे बाहेरचं."

मिस्त्रींनी विचारलं, "मग धागा कशाला बांधत होतीस?"

"तुमच्यासाठी," काकू म्हणाल्या. "चढवता तुम्ही ना."