अक्कांचा दुपारचा ट्रक

आमच्या अक्का गेल्या ही बातमी मला कुणी दिली नाही; मलाच ती गावाला द्यावी लागली. त्या दिवशी अंगणवाडी सुटल्यावर मी घरी आले, पायांवर पाणी घेतलं आणि नेहमीप्रमाणे मधल्या खोलीत डोकावले. अक्का कॉटवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. कानात इअरफोन, मांडीवर मोबाईल, मान जराशी कलंडलेली. डुलकी लागली असेल असं वाटलं. हाक मारली, मग खांद्याला हात लावला... आणि कळलं. एका कानातून निसटलेल्या इअरफोनमधून ट्रकच्या इंजिनाची बारीक घरघर येत होती. पडद्यावर त्यांचा केशरी ट्रक घाटातल्या एका वळणावर उभा होता. मी आधी तो गेम बंद केला, मोबाईल पालथा ठेवला आणि मग ओरडले.

डॉक्टर म्हणाले, तासभर तरी झाला असेल. म्हणजे माझ्या त्या क्षणभराच्या उशिरानं काही बिघडलं नव्हतं. तरीही माझा हात आधी कुठं गेला, हे मला माहीत आहे. संध्याकाळपर्यंत गावभर एकच बोलणं झालं होतं, की कीर्तन ऐकता ऐकता गेली, असं मरण यायला पुण्याई लागते. पलीकडच्या वस्तीवरच्या बायकाही पायांवर डोकं ठेवून गेल्या. मी कोपऱ्यात पदर तोंडाला लावून बसले होते. रडत होतेच, पण रडण्यासाठी लावलेला पदर लपण्यासाठीही उपयोगी पडत होता.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. आप्पा, म्हणजे माझे थोरले दीर, ते आणि आम्ही अजून एकाच घरात राहतो, पारनेरच्या अलीकडं, कांदा आणि वाटाण्याच्या जिवावर. मी या घरात आले तेव्हा भाकरी थापता न येणारी, बारावी शिकलेली, जरा शिष्टच मुलगी होते. अक्कांनी मला एका शब्दानं न दुखवता आठवड्यात भाकरी शिकवली, आणि नंतर वर्षभर ‘बारावीला हे नसतंय का गं?’ म्हणून चिडवलंही. बाहेर मात्र त्यांचा दरारा होता. त्या आल्या की ओट्यावरच्या बायका आपोआप आवाज खाली आणायच्या. गुडघ्यानं दगा दिला आणि शेतात जाणं बंद झालं, तेव्हा नागापूरला कंपनीत असलेल्या त्यांच्या महेशनं आपला जुना मोबाईल आईला दिला. त्यात पुष्कळ कीर्तनं भरून दिली. अक्कांनी ती पंधरा-वीस दिवस इमानदारीत ऐकलीही. मग एका दुपारी माझ्याकडं बघत म्हणाल्या, ‘‘काय गं, काय फोडती एवढं?’’

मी फुगे फोडत होते. सकाळभर मुलांची वजनं, खिचडी, मोबाईलवर भरायची माहिती असं झालं की दुपारी मला ते रंगीत फुगे फोडल्याशिवाय चैन पडायची नाही. ‘‘टाइमपास हाय, अक्का,’’ मी म्हणाले. त्यांनी नाक मुरडलं. ‘‘पोरं सांभाळता सांभाळता पोरच झालीस व्हय!’’ दुसऱ्या दिवशी मात्र दार लोटून घेऊन त्यांनी हळूच विचारलं, ‘‘त्यात गाडी असती का? मोठी. ट्रकबिक?’’ मला हसू आवरेना. तेव्हा त्या जे म्हणाल्या त्यानं माझं हसू थांबलं. ‘‘हसू नको. जलमभर टेम्पोत मागं बसून गेले, गोन्यांवर. रस्ता कायम मागं पळतानाच बघितला. पुढनं कसा येतो त्ये बघू दे की एकदा.’’

मग आमच्या मधल्या खोलीत दुपारचा ट्रक सुरू झाला. मी तो गेम त्यांच्या मोबाईलवर घेऊन दिला, डावीकडं स्टेअरिंग, उजवीकडं ब्रेक आणि गती. पहिल्या दिवशी ट्रक जागचा हलला तेव्हा त्यांनी पडद्याला हात टेकवून नमस्कार केला. त्या इतक्या सावकाश चालवायच्या की मागचे ट्रक हॉर्न वाजवून वाजवून थकायचे. ‘‘जाऊ दे त्यान्ला, घाई असंल,’’ असं म्हणून बाजू द्यायच्या. कापूस, कांदा, टरबुजं असा माल घ्यायच्या. सिमेंटची खेप आली तर नको म्हणायच्या, धूळ उडते म्हणून. एकदा गाडीसमोर म्हैस आली. अक्कांनी ब्रेकऐवजी भलतंच काही दाबलं आणि ट्रक म्हशीतून आरपार गेला. गेममधली म्हैस ती, तिला काय होणार, ती तशीच रवंथ करत उभी. अक्कांनी मात्र त्या दिवशी देवापुढं जास्तीचा दिवा लावला आणि चार दिवस गाडी बाहेर काढली नाही. मी चिडवायला लागले की म्हणायच्या, ‘‘तुझे फुगे फुटत्यात, माझ्या म्हशी मरत्यात. फरक हाय.’’

हे सगळं चालायचं ते इअरफोन लावून आणि दार लोटून. कुणाचं पाऊल वाजलं की माझे फुगे पदराखाली जायचे आणि अक्का डोळे मिटून ओठ हलवायच्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं. मांजर आलं तरी आम्ही दोघी दचकायचो. एकदा भजनी मंडळाच्या बायका अचानक आत आल्या आणि त्यातल्या एकीनं विचारलं, ‘‘आज कशावर हुतं कीर्तन, अक्का?’’ अक्कांची नजर अजून घाटातच अडकलेली. ‘‘घाट लई अवघड...’’ त्या बोलून गेल्या आणि तेवढ्यात सावरल्या, ‘‘म्हंजी संसाराचा घाट गं. महाराज म्हनले, चढताना जोर लागतो, पन माणूस फसतो उतारावर. ब्रेकवर पाय ठिवून उतरावं.’’ बायकांनी माना डोलावल्या. एकीनं तर डोळ्यांना पदर लावला. त्या गेल्यावर आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून इतक्या हसलो की अक्कांना ठसका लागला. हसून झाल्यावर मात्र त्या म्हणाल्या, ‘‘मी मेले तरी कुनाला सांगू नको. एवढी म्हातारी बाई गेम खेळती म्हनत्याल. शप्पत घे.’’ मी घेतली. मग बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, ‘‘पाप न्हाई ना गं हे?’’

‘‘पाप कसलं?’’ मी म्हणाले.

‘‘मग लाज का वाटती?’’

आमच्या पारावर पुरुषमाणसं भर दुपारी पत्ते कुटतात, मोबाईलवर लुडो लावून अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं ओरडतात. आमचे हेसुद्धा त्यात असतात. त्यांची लाज कुणी काढत नाही. बाईनं मात्र रिकामं बसायचं तर गहू निवडावेत, वाती वळाव्यात, नाहीतर देवाचं नाव घ्यावं. रिकामा वेळ मिळाला याचा काहीतरी हिशेब तिला द्यावाच लागतो. हे मला आज इतकं स्वच्छ दिसतं, रागही येतो. पण खरं सांगायचं तर लाज तरीही गेलेली नाही. हा लेख लिहितानाही दार लोटून घेतलं आहे.

दशक्रियेला नदीकाठी ही गर्दी होती. आमच्याकडं दहाव्याला आधी प्रवचन, मग श्रद्धांजलीची भाषणं, तोवर ऊन डोक्यावर येतं. एका पुढाऱ्यानं अक्कांचा ब्रेकवर पाय ठेवण्याचा दृष्टांत जसाच्या तसा सांगितला आणि म्हणाला, ‘‘ज्या माउलीच्या कानात अखेरच्या श्वासापर्यंत हरिनाम होतं...’’ लोकांनी हात जोडले. मी बायकांच्या घोळक्यात मान खाली घालून तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसत होते. मग पिंड मांडले आणि सगळे मागं सरले. कावळे होते, पलीकडच्या बाभळीवर चांगले चार-पाच होते, पण एकही खाली येईना. आप्पा पुढं झाले. नातवाचं लग्न थाटात करू म्हणाले, वाटणी होऊ देणार नाही म्हणाले, तुझ्या माहेरचं येणंजाणं तोडणार नाही म्हणाले. महेशनं सगळ्यांदेखत आप्पांना सांभाळण्याचा शब्द दिला. कावळे नुसते ओरडत होते. आप्पांचा आवाज बसला होता. शेवटी मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘धाकलीला विचारा. दोघी कायम संगं असायच्या. काई बोलली असंल तिच्यापाशी.’’

एवढ्या माणसांचे डोळे माझ्यावर वळले. आप्पांनीसुद्धा पाहिलं, एरवी जे माझ्याकडं बघून कधी बोलत नाहीत. अक्कांचं काय राहिलं होतं हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांचा ट्रक घाटात उभा होता. माल पोचला नव्हता. माल पोचल्याशिवाय त्यांनी कधी मोबाईल खाली ठेवला नव्हता. चहा उतू जाऊ दे, पण खेप पुरी करायच्या. दोन पावलं पुढं जाऊन ‘अक्का, तुमची गाडी मी नेते’ एवढंच म्हणायचं होतं. पण एकीकडं शपथ, दुसरीकडं ते भाषण, ते जोडलेले हात. शपथेमुळं गप्प बसले असं म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं; पण तसं नव्हतं. लोक हसतील, अक्कांना हसतील आणि मग मलाही हसतील, हीच भीती होती. ‘‘न्हाई,’’ मी म्हणाले, ‘‘मला काई न्हाई बोलल्या.’’ मनातल्या मनात तरी सांगावं म्हणून डोळे मिटले, तर मनातसुद्धा तो ‘गेम’ शब्द उमटेना. भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि सगळे उठले. आप्पा तेवढे बसून राहिले. ‘‘माझंच काईतरी चुकलं असंल,’’ असं ते महेशला म्हणाले ते मी ऐकलं, आणि ऐकूनही चालू लागले.

मासिक श्राद्ध झालं त्याच्या आसपास महेश रविवारी घरी आला. ओसरीवर आप्पांपाशी बसून त्यानं अक्कांचा मोबाईल बाहेर काढला. भजनी मंडळानं तो मागितला होता. देवळात ठेवू, त्यांचीच कीर्तनं स्पीकरवर लावू, अक्कांची आठवण राहील, असं बायकांचं म्हणणं. ‘‘मी सगळं पुसून नीट करून देतो,’’ महेश म्हणाला आणि चालू करायला लागला. मी दारात उभी होते. पुसलं गेलं असतं तर मी सुटले असते. गावानं मानलेली पुण्याईही शाबूत राहिली असती. इतके दिवस मी देवापाशी हेच मागत होते. पण आप्पा त्या मोबाईलकडं बघत होते आणि त्यांचं ‘माझंच चुकलं असंल’ माझ्या कानातून जात नव्हतं.

‘‘तो मला द्या,’’ मी म्हणाले.

‘‘काकू, तुमच्याकडं हाय की नवा,’’ महेश म्हणाला.

‘‘त्यात अक्कांचा गेम हाय.’’

माझे कान तापले. पदर सावरायच्या निमित्तानं मी खाली पाहिलं आणि खाली बघूनच सगळं बोलून टाकलं. ट्रक, घाट, सिमेंट नको, म्हैस, सगळं. शेवटी म्हणाले, ‘‘आप्पा, तुमचं काई चुकलं न्हाई. त्यांची खेप राह्यली हुती. त्या दिवशी त्या नाम ऐकत गेल्या न्हाईत. गाडी चालवत गेल्या. मी बंद केला मोबाईल, मग वरडले.’’

महेशचं तोंड उघडंच राहिलं. तो हसणार की रडणार ते त्याचं त्यालाच कळत नसावं. आप्पांनी त्याच्या हातातून मोबाईल घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला. मी वाट बघत होते, ते रागावतील, निदान ‘लोकांना काय तोंड दावायचं’ म्हणतील. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं होतं.

‘‘रोज खेळायची?’’ त्यांनी विचारलं. माझ्याकडं बघून विचारलं.

‘‘रोज. दुपारच्याला.’’

‘‘काई पुसू नको त्यातलं,’’ ते महेशला म्हणाले. मोबाईल त्यांनी माझ्यापुढं धरला, पण लगेच सोडला नाही. ‘‘मला वाटायचं, देवाचं ऐकती. म्हनून मी दुपारचा चहा कधी मागितला न्हाई. तल्लफ आली तर पारावर जाऊन बसायचो, पन हाक मारायचो न्हाई...’’ त्यांनी मोबाईल माझ्या हातात सोडला. मग म्हणाले, ‘‘बरं झालं, न्हाई मारली.’’