पडद्यामागून पाहिलेला पिच्चर

आमची पोस्ट इतक्या उंचावर होती की पाणी पटकन उकळायचं आणि डाळ काही केल्या शिजायची नाही. मी तेव्हा हवालदार होतो. युनिट मिश्र होतं. गढवालपासून तामिळनाडूपर्यंतचे जवान एका स्टोव्हभोवती हात शेकत बसायचे. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्च्यावर सज्ज राहणे, मग वाटेवरचा बर्फ फावड्याने काढणे, पिण्यासाठी बर्फ वितळवणे, संत्री ड्यूटी म्हणजे पहारा, आणि पुन्हा फावडं. लोकांना वाटतं, सीमेवरचा जवान सारखा बंदूक रोखून उभा असतो. माझ्या हातात बंदुकीपेक्षा फावडं जास्त वेळ होतं.

तिथे मला घरच्यांच्या बरोबरीने सिनेमा आठवायचा. बायकोने हे वाचलं तर माझी धडगत नाही, पण खोटं कशाला लिहू? मी परभणीकडच्या पालमजवळच्या खेड्यातला. जत्रेत तंबूचा सिनेमा यायचा. पडद्यावर पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा लाट अंगावर येईल म्हणून मी दोन्ही पाय वर घेतले होते. पुढे बाजाराचं निमित्त करून एसटीने परभणी गाठायची आणि मॅटिनीला बसायचं, हा क्रम झाला. आज परभणीतच राहतो, साठी उलटली, गुडघे कुरकुरतात. तरी नवा पिच्चर लागला की पहिल्या दिवशी मी हजर असतो. दिवे मालवले की छातीत जे होतं ते अजून तसंच होतं. बायको म्हणते, "पेन्शन थेटरवाल्यालाच देऊन टाका."

पोस्टवर थेटर नव्हतं, पण मुंजाजी होता. नाईक मुंजाजी, आमचा लाइनमन. वरपासून खालपर्यंतच्या सगळ्या पोस्ट एकाच टेलिफोन लाइनवर होत्या, आणि वाऱ्याने ती केबल तुटली की जोडायला तो जायचा. घरी मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. आल्या दिवशी त्याने मला विचारलं, "दादा, गाव कोन्तं?"

"पालमकडचं."

"मंग आपलेच की! आमी जिंतूरकडचे."

संध्याकाळी लाइन मोकळी असली की तो फोनचं हँडल फिरवायचा आणि पिच्चर सांगायला लागायचा. त्याची हिंदी म्हणजे अर्धी दखनी. 'हौ' आणि 'नक्को' ऐकून गढवाली पोरं पोट धरून हसायची. पण घोडा दौडायला लागला की हसणं बंद व्हायचं. टापा तो जिभेने वाजवायचा, पाऊस बोटांनी वाजवायचा, आणि बाईचं रडणं असं काढायचा की सगळ्या पोस्टवरचे लोक कानात प्राण आणून ऐकायचे. ऐन मोक्याला म्हणायचा, "इंटरवल." आणि फोन ठेवायचा. दुसऱ्या दिवसापर्यंत सगळी लाइन त्याच्या नावाने शंख करायची.

एक गंमत होती. त्याला एकाही पिच्चरचं नाव माहीत नव्हतं. पूल पडतो तो पिच्चर, एका ताटाचा पिच्चर, आंधळ्या घोड्याचा पिच्चर, अशी नावं त्यानेच ठेवलेली. आणि त्याचा प्रत्येक हिरो डावखुरा. आंधळ्या घोड्याचा पिच्चर मीही पाहिला होता. मी म्हणालो, "अरे, त्यानं उजव्या हातानं गोळी मारली."

"डाव्या. म्या सोता पाहिलंय."

"कुठं पाहिलंस?"

"जत्रंत. मायसंगं."

तेव्हा उलगडा झाला. त्यांच्याकडे जत्रेच्या तंबूत पडदा मधोमध असायचा. गडीमाणसं पुढे आणि बायका मागे. हा आईबरोबर बायकांच्या बाजूला. मागून सगळं उलटं दिसतं. उजवा तो डावा होतो, आणि पिच्चरचं नाव वाचायची सोय राहत नाही. मी हे समजावून सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "मंग तुमीच उलट्या बाजूनं बसला असताल."

एके दिवशी सकाळी ऊन लख्ख पडलं होतं. मुंजाजी आणि लान्स नाईक हरीश केबल तपासायला खालच्या उतारावरच्या लाकडी हटमध्ये गेले होते. आठच्या सुमारास आवाज आला. पूर्णेच्या पुलावरून मालगाडी जावी तसा. मी बाहेर धावलो. हटच्या जागी सपाट पांढरा उतार होता.

आत टेलिफोन वाजला.

"हॅलो. दादा, मुंजाजी बोलायलोय. दबलो."

"हरीश कुठंय?"

"भाईर व्हता. बर्फ आणायला गेल्ता. ठाऊक न्हाई."

"लागलंय का?"

"छताचं लाकूड हाय अंगावर. पाय हालंना. उजवा हातबी दबलाय. डाव्यानं फोन धरलाय." जरा थांबून म्हणाला, "हिरोवानी."

केबल बर्फाखाली गेली होती, पण तुटली नव्हती. ती त्यानेच आदल्या आठवड्यात जोडली होती. कॅप्टन साहेबांनी जवान निवडले. बेसवरून डॉक्टरची पार्टी निघाली. वाट घसरत होती, जपून जावं लागणार होतं. मी फावडं उचललं. साहेब म्हणाले, "तुम नहीं. तुम लाइन पर रहो. उसे सोने मत देना."

थंडीत दबलेला माणूस झोपला की उठत नाही, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. मी गावच्या गोष्टी काढल्या. मेंढरं किती व्याली? या वर्षी सुट्टी कधी टाकणार? सुरुवातीला तो बोलला. मग नुसता 'हूं' म्हणायला लागला. मग म्हणाला, "दादा, झोप यायली."

"झोपायचं नाही. पिच्चर सांगतो, ऐक." मी आंधळ्या घोड्याचा पिच्चर सुरू केला. मला काही त्याच्यासारखं येत नाही. हवालदार हजेरी घेतो तसं मी सांगत होतो. पलीकडे शांतता. मी घाईघाईने पुढे सांगत सुटलो. त्या गडबडीत बोलून गेलो, "अन् हिरोनं उजव्या हातानं पिस्तूल काढलं."

"डाव्या!"

आवाज खणखणीत. मी फोन घट्ट धरला. या माणसाला जागं कसं ठेवायचं ते मला कळलं होतं. मी सांगितलं, घोडा पांढरा होता. तो चिडून म्हणाला, "काळा व्हता, दादा! काळा!" मी सांगितलं, डाकू नदी पोहून गेला. तो म्हणाला, "नाव व्हती. तुमी पिच्चर पाहिला का झोपला व्हता?" तो मला शिव्या देत होता आणि मला इतकं बरं वाटत होतं की सांगता येत नाही.

तासाभराने माझा घसा बसला. मी खोकत असताना लाइनवर दुसराच आवाज आला. सर्वांत वरच्या पोस्टवरचा तमिळ शिपाई होता. "हवलदार साब, आगे हम बोलेगा." ही मंडळी सगळं ऐकत होती. त्याने मोडक्या हिंदीत पुढचा भाग सांगितला, मुंजाजीच्याच शब्दांत, जिभेने टापा वाजवत. मध्येच म्हणाला, "हीरो ने चाकू मारा, दाएँ से." मुद्दाम, माझं ऐकून.

"बाएँ से रे!"

मग गढवाली पोस्टने घेतलं, मग पंजाबी हवालदाराने. एकेकाने एकेक रीळ. कुणी पाऊस पाडला, कुणी बाईसारखं रडलं. यातल्या एकानेही तो पिच्चर पाहिलेला नव्हता. जिंतूरकडच्या एका पोराने पडद्यामागून पाहिलेला पिच्चर भारताच्या चार टोकांची माणसं बर्फात बसून त्यालाच परत सांगत होती, आणि तो बर्फाखालून त्यांच्या चुका काढत होता. मी पुष्कळ सिनेमे पाहिले. त्या सकाळी मी जे ऐकलं त्यापुढे ते सगळे फिके आहेत. इंटरवल कुणीच केलं नाही.

रेडिओवर पार्टीचा मेसेज आला. "हरीश सेफ. अकेला खोद रहा है. हम पहुँच गए. ओव्हर."

मी फोनवर विचारलं, "मुंजाजी, फावड्याचा आवाज येतो का?"

"यायलाय. लांबून."

शेवटचं रीळ माझ्याकडे आलं. आता चुका करायचं भानही राहिलं नव्हतं. परभणीच्या थेटरात पाहिलं होतं तसंच सांगत गेलो. डाकूची गोळी हिरोची आई अंगावर घेते. हिरो तिचं डोकं मांडीवर घेतो. "अन् मग," मी म्हणालो, "आई मरते."

"न्हाई." आवाज अगदी खाली गेला होता. "मरत न्हाई, दादा. उठून बसती."

ही चूक त्याची होती. पण मी ताणलं नाही. "बरं, उठून बसते. मग हिरो घोड्यावर बसतो. पांढऱ्या घोड्यावर."

काही उत्तर नाही.

"मुंजाजी, पांढऱ्या घोड्यावर. पांढऱ्या."

सगळ्या पोस्ट लाइनवर होत्या. मला त्यांचे श्वास ऐकू येत होते. तमिळ शिपाई म्हणाला, "दाएँ हाथ से, मुंजाजी भाई. दाएँ हाथ से." मग पंजाबी हवालदार तेच म्हणाला. मी किती वेळ 'पांढरा, पांढरा' म्हणत होतो, मला माहीत नाही. शेवटी कॅप्टन साहेबांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.

हरीशच्या फावड्यानेच लाकूड उघडं पडलं. डॉक्टरांनी बराच वेळ प्रयत्न केले. युनिटच्या स्मारकावर आता त्याचं नाव आहे: नाईक मुंजाजी. त्यानंतर संध्याकाळी लाइन मोकळी असायची, आणि कुणीही हँडल फिरवत नव्हतं.

सुट्टी मिळाल्यावर मी त्याच्या गावी गेलो. जिंतूरहून एसटीने फाट्यापर्यंत, पुढे पायी. त्याची बायको मेंढरं घेऊन गेली होती. म्हातारी आई दारात एका कोकराला बाटलीने दूध पाजत होती. मी माझी ओळख दिली. तिने आत जाऊन पाणी आणलं, माझं पिऊन होईपर्यंत थांबली, मग विचारलं, "तुमीच फोनवर व्हता नव्हं?"

"हो, माय."

"माजं लेकरू आखरीला काय बोललं?"

मला 'भारत माता की जय' सांगता आलं असतं. कुणी खोटं म्हटलं नसतं. पण त्या माउलीपुढे ते तोंडातून निघेना. मी म्हणालो, "आम्ही पिच्चर सांगत होतो, माय. आंधळ्या घोड्याचा. मी म्हटलं, आई मरते. तो म्हणाला, मरत न्हाई, उठून बसती. तेच शेवटचं."

कोकराच्या तोंडातली बाटली तशीच राहिली.

"ते म्याच सांगितलं व्हतं त्याला," ती म्हणाली. "एवढंसं व्हतं. ती बाई पडली तर असं वरडायला लागलं की समद्या बाया माज्याकडं बघायल्या. मंग त्याला कडंवर घेतलं अन् तंबूच्या भाईर आले. म्हनलं, उगी, राजा, उगी. मरत न्हाई ती. उठून बसती. आता मला तरी काय ठाऊक? आमी पुढचा पिच्चर पाहिलाच न्हाई."

तिने पदराने कोकराचं तोंड पुसलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुमी तर समदा पाहिलाय. बसली का ती उठून?"

"बसली, माय," मी म्हणालो.