आंबेहळदीखालचं लाल

आमच्या घरात सूज म्हटली की सहाण निघते. पाय मुरगळो, दाढ ठणको, नवऱ्याच्या गुडघ्याला कंपनीत ट्रॉली लागो, सासूबाई भिंतीला टेकून आंबेहळद उगाळायला बसतात. धुळ्याकडून सिल्वासाला आलो तेव्हा आमलीतल्या या खोलीत सहाण आधी आली आणि गॅसची शेगडी नंतर. दुकानातली पूड त्यांना चालत नाही. बस धरून खानवेलला जातात, तिथल्या बायकांकडून गड्डे निवडून आणतात आणि घरी आल्यावर सगळ्यांना हुंगायला लावतात.

गेल्या वर्षी माझी उजवी छाती सुजली, तेव्हाही सहाण निघाली. कातडी लाल, गरम, ताणलेली. गाठ मात्र हाताला लागत नव्हती. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे गाठ नाही म्हणजे कॅन्सर नाही, एवढी अक्कल पाजळायला मी मोकळीच होते. सासूबाई वाकून बघत म्हणाल्या, “उष्णता शे. उतरी जाई, माय.”

लेप थंडगार लागायचा. त्याला कैरीचा वास यायचा. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. सासूबाईंचा हात तसा खरखरीत, पण लेप लावताना फार हळू फिरायचा. आंबेहळदीत त्या साधी हळदही घालत, त्यामुळे लेप धुतला तरी कातडी पिवळीधमक राहायची. दुखलं तर सुजेवरची गोळी घ्यायची. ठणका कमी झाला आणि पिवळ्याखाली लाल दिसेनासं झालं. ते गेलं, असं आम्ही दोघी धरून चाललो.

मग सासूबाई लग्नाला गावी गेल्या आणि लेप थांबला. अंघोळीगणिक पिवळा रंग उतरत गेला आणि एका सकाळी खालचं लाल पुन्हा दिसलं. आधी तळहातात मावेल एवढं होतं, ते आता काखेपर्यंत गेलं होतं. त्यावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे पडले होते. न्हाणीघरात नळ चालू ठेवून मी नुसती बघत राहिले. शाळेत जायचं राहिलं.

दवाखान्यात कातडीचा तुकडा काढून तपासायला पाठवला, निकाल आला. डॉक्टरीणबाई वयाने माझ्याहून लहान होत्या आणि त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाल्या, कातडीतल्या बारीक वाहिन्या कॅन्सरच्या पेशींनी तुंबल्यात, म्हणून ही लाली. या प्रकारात पुष्कळदा गाठ लागतच नाही. मी शिक्षिका आहे म्हटल्यावर त्यांनी पुढचंही सांगितलं. शरीराला जखम झाली की पेशी काही प्रथिनं सोडतात. ती प्रथिनं म्हणजे निरोप: इकडे या, मदत हवी आहे. मग पांढऱ्या पेशी धावत येतात, जागा सुजते, जखम भरते आणि निरोप थांबतात.

“तुमच्याकडे ते थांबत नाहीयेत,” त्या म्हणाल्या. “कॅन्सरच्या पेशीही तेच निरोप पाठवतात. मदतीला आलेल्यांना त्या स्वतःच्या कामाला लावतात. नव्या रक्तवाहिन्या वाढवून घेतात, पुढे सरकायला वाट करून घेतात.”

“म्हणजे माझंच शरीर कॅन्सरला पोसतंय?”

“काही प्रमाणात, हो.”

मला भीती नंतर वाटली. आधी संताप आला. पांढऱ्या पेशी म्हणजे आपले सैनिक, हे मी वर्षानुवर्षं फळ्यासमोर छाती पुढे काढून शिकवत आले होते.

आधी केमो झाली, मग शस्त्रक्रिया, मग किरणांचा शेक. उजवी बाजू सपाट झाली. केस पुन्हा उगवले, तेही कुरळे, आणि नवऱ्याने त्यावरून मला चिडवूनही घेतलं. पण डॉक्टरीणबाईंनी निघताना बजावलं होतं की हा आजार कातडीतूनच परत डोकावू शकतो. लाल दिसलं तर वाट बघायची नाही.

सासूबाईंनी सहाण माळ्यावर टाकली. मी त्यांना एका शब्दाने बोलले नाही, त्यांनीही विषय काढला नाही. पण तेव्हापासून रोज सकाळी अंघोळीनंतर त्या मला खिडकीशी उभी करतात. परकर छातीशी धरून मी उभी राहते आणि त्या व्रणावरून नजर फिरवतात. खाली कंपन्यांच्या बसेस हॉर्न देत असतात. “काही नही,” असं त्या म्हणाल्या की मी ब्लाउज घालते. त्यांच्या त्या दोन शब्दांवर माझा दिवस सुरू व्हायचा. त्याशिवाय मला चहा गोड लागत नसे, इतकी मी त्यांच्यावर विसंबले होते.

परवाही त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, “काही नही.”

मी हुक लावायला मान खाली घातली आणि व्रणाच्या खालच्या टोकाशी मला लाल दिसलं. टिकलीएवढंच. त्याच्या शेजारी आणखी एक, जरा फिकं.

“आई, हे बघा.”

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. खिडकीकडे वळवून मला अगदी उजेडात घेतलं. त्यांचा श्वास माझ्या कातडीला लागत होता.

“कोठे, माय?”

तेव्हा मला कळलं की त्यांचे डोळे गेलेत. कधीपासून, ते विचारायचा धीर झाला नाही. इतके दिवस त्यांनी काय पाहिलं आणि काय नाही, हे आता कोण सांगणार? मी त्यांचं बोट धरलं आणि त्या टिकलीवर टेकवलं.

त्यांनी ते काढून घेतलं नाही. बराच वेळ तसंच ठेवलं.

“गरम शे,” त्या म्हणाल्या.