सभासद यकृत

मी अवयव पोचवणाऱ्या पथकात होतो तेव्हाची गोष्ट. दान मिळालेलं एक यकृत लातूरहून औरंगाबादला न्यायचं होतं. तिथे एक बाई त्याची वाट पाहत होती, आणि डॉक्टरांनी मला फोनवर सांगितलं होतं की तिच्याकडे आता दिवस उरलेले नाहीत. पालीजवळ गतिरोधकावर गाडी उडाली आणि बर्फाच्या पेटीची बिजागरी तुटली. भर मे महिना, त्यात दुष्काळ. झाकण दाबून धरलं तरी पाणी माझ्या बुटांवर गळत होतं.

यकृत एकात एक अशा तीन पिशव्यांत, खास द्रावणात होतं. त्याच्या भोवती बर्फ लागतो, पण ते स्वतः गोठता कामा नये. तापलं तरी वाया, गोठलं तरी वाया.

रस्त्याला दूध सोसायटीचं शीतकरण केंद्र दिसलं. जनावरं छावणीत, दुधाचा थेंब नाही, पण टाकीत बर्फ होता. चार संचालक कडुलिंबाखाली बसले होते. टाकीची किल्ली चेअरमनच्या कमरेला. पेटीत काय आहे ते सांगून मी हात जोडून बर्फ मागितला.

"बर्फ सभासदालाच मिळतो, सायेब," चेअरमन म्हणाले. "मागल्या साली लग्नाला दिला तर सेक्रेटरीची खुर्ची गेली."

मग मला सभासद करा, मी म्हणालो. पण मी पडलो परगावचा. पेशंटला सभासद करावं, तर तिचं नाव मला नियमाने सांगता येत नव्हतं. माझं डोकं असं तापलं की बर्फ माझ्यावरच ओतायला हवा होता. तेवढ्यात एक म्हातारे संचालक म्हणाले, यकृतालाच करा की सभासद, आत्ता ते आपल्या हद्दीतच हाय.

झालं, सभा भरली. सूचक ठरला, अनुमोदक ठरला. एकाने हरकत घेतली: सभासदाकडे दुभतं जनावर पाहिजे.

"आपल्यापैकी कुणाच्या दावणीला हाय बे आता?" म्हातारे म्हणाले. हरकत घेणाऱ्यानेच पहिला हात वर केला. ठराव एकमताने मंजूर झाला, आणि वहीत सभासदाचा पत्ता म्हणून माझा लिहिला गेला.

मग मात्र सगळे धावले. घमेल्यांनी बर्फ आला, पेटी भरली, झाकणाला दावं बांधलं. नव्या सभासदाची सोय व्हावी म्हणून एकजण पेटी डीप फ्रीजरमध्ये ठेवायला निघाला, तेव्हा मी सरळ तिच्यावर जाऊन बसलो. नारळ फोडून त्यांनी आम्हाला वाटेला लावलं. या सगळ्यात मिळून वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांबद्दल मी त्या गावाला मनात काय काय म्हणालो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

यकृत लागलं. बाई वाचली.

पुढल्या वर्षी माझ्या पत्त्यावर वार्षिक सभेची नोटीस आली. सभासदाचं नाव: यकृत. मी ती त्या बाईंना नेऊन दाखवली. पोटावरच्या टाक्यांच्या व्रणावर हात धरून त्या हसल्या आणि म्हणाल्या, सभा चुकवायची नाही.

गेलो. तोवर पाऊस झाला होता आणि केंद्रात दुधाचे कॅन वाजत होते. हजेरीत सगळ्यांत शेवटी चेअरमननी सवयीने, मान वर न करता पुकारलं, "यकृत?"

"हजर," बाई म्हणाल्या.

चेअरमननी मान वर केली. किल्ली काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि दोन्ही हातांनी डोळे पुसले. मीही तेच करत होतो.