थापीनं काढलेला बाप

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली, अन् तेही चित्रकलेचं. हे मी कुठंही ताठ मानेनं सांगते. त्यामुळं बाप गेल्यावर सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं, की वर्षश्राद्धाला त्याचं चित्र मीच काढणार.

काढलं. पण ब्रशनं नाही. प्लायवूडच्या फळीवर गवंड्याच्या थापीनं तेलरंगाचे थर चढवले, कुठं कुठं तर दोन बोटं जाड. टोकानं ओरबाडले, पुन्हा भरले. बाप म्हटलं की मला त्याचं तोंड आठवत नाही, शेतात हळद काढताना वाकलेली पाठ आठवते. ती पाठ हाताला लागेल अशी मला हवी होती. पिवळा रंग, काळा, मातकट. नाक-डोळे कुठंच नाहीत. मायनं हाच बाप म्हणून भिंतीवर लावावा, एवढंच मला पाहिजे होतं.

वर्षश्राद्धाला सकाळी फळी चौरंगावर ठेवली. माय अष्टगंधाची वाटी घेऊन आली अन् तिचं बोट हवेतच थांबलं.

"गंध कुठं लावू गं? कपाळ कुठंय?"



"इतके वर्षं हेच शिकून राहिली व्हय?" काका म्हणाले. "आपला गवंडीबी करतो की गिलावा. त्यो बराबर सपाट तरी करतो!"

माणसं हसली. काकांनी आधारकार्डावरचा फोटो कळमनुरीहून मोठा करून आणलाच होता. चौरंगावर तो बसला, गंध-हार त्याला झाला. मी फळी उचलून मागल्या खोलीत भिंतीला टेकवली. वाईट वाटलं. पण चित्र चुकलं, असं तेव्हाही वाटलं नाही.

पंगती उठल्यावर माय तिथं येऊन फळीपुढं बसली. उंचवट्यांवरून तळहात सावकाश फिरवत राहिली.

"ह्यो खांदा का?"

"व्हय."

"मंग डोकं इकडं खाली असंल. वाकलेत ना."

तिनं तिथं अंगठा दाबला अन् तो आत रुतला. रंग वरूनच वाळला होता. ती दचकली.

"बिघडलं का गं?"

"न्हाई माय."

ती उठली, वाटी घेऊन आली, अन् त्या खळगीत गंध लावलं. मग पदरानं बोट पुसत म्हणाली, "फोटो लोकायसाठी राहू दे बाहेर. हे इथं लाव. अन् खिळा मोठा आण, जड हायेत."